आवाज जपायचा तो कोणाचा?



ध्वनिफिती, चित्रफिती आणि चित्रपट जपून ठेवणे हा जगात आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याच्या संघटना आहेत, नियतकालिके आहेत, वार्षिक परिषदा आहेत. ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६९ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद २०१२ साली नवी दिल्लीत भरली होती. युनेस्कोने २७ ऑक्टोबर १९८० रोजी चलच्चित्रांच्या रक्षणाविषयीची शिफारस स्वीकारली, आणि त्या तारखेला आता जागतिक दृक्‌श्राव्य वारसा दिन पाळला जातो. अशा परिषदांचा शिरस्ता ठरलेला असतो. आयोजक काही महिने आधी सत्रांचे प्रस्ताव मागवतात. विषय कोणता, वक्ते कोण, अवधी किती, आणि पानभर सारांश एवढे लिहून पाठवायचे. निवड समिती त्यांतून कार्यक्रमपत्रिका तयार करते.

वरवर पाहता ही कारकुनी बाब वाटते. परंतु परिषदेचे राजकारण ठरते ते येथेच. ज्या संग्रहाचे सत्र कार्यक्रमपत्रिकेवर येते, त्याकडे तज्ज्ञांचे लक्ष जाते, त्यापाठोपाठ अनुदान जाते, यंत्रे जातात. ज्याचे सत्र नसते, त्याच्या फिती कपाटात पडून राहतात आणि एक दिवस निकामी होतात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या वतीने असा प्रस्ताव करायचा झाला, तर त्यात कोणती सत्रे असावीत याचा विचार येथे करावयाचा आहे. मराठवाड्याने स्वतःहून तो केला नाही, तर मुंबई-पुण्याहून कोणी येऊन करील असे मानण्यास आजवरच्या अनुभवात आधार सापडत नाही.

प्रथम निकडीविषयी. चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला लोहभस्माचा थर. दमट हवेत हा डिंक सुटतो आणि फीत यंत्राच्या मुखाला चिकटू लागते. पावसाळ्यात बुरशी धरते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती वाकडी होते. मराठवाड्यातील मे महिना आणि ऑगस्ट महिना हे दोघे मिळून फितीचे काय करतात, हे ज्याच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्याला सांगायला नको. पण त्याहून मोठे संकट यंत्रांचे आहे. घरगुती चित्रफितींची यंत्रे बनवणाऱ्या अखेरच्या जपानी कारखान्याने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. फीत शाबूत आणि ती वाचणारे यंत्र मात्र जगात नाही, अशी ही अवस्था आहे. युनेस्को आणि उपरोक्त संघटना यांनी २०१९ साली जो इशारा दिला, त्यात हिशेब मांडला होता तो २०२५ पर्यंतचाच. तेव्हा आता शिल्लक मुदत अशी काही उरलेली नाही.

अशा स्थितीत पहिले सत्र यंत्रांवर असावे असे कोणीही म्हणेल, आणि बहुतेक परिषदांत तसेच असते. हा क्रम उलटा केला पाहिजे. सर्व फिती वाचणार नाहीत हे एकदा मान्य केले, की कोणत्या वाचवायच्या हा प्रश्न आधी येतो. साधने अपुरी असताना निवड अटळ असते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. आणि निवड करणारा कोण, यावर निवडीचे स्वरूप अवलंबून असते, हा त्याच धड्याचा बहुधा न शिकवला जाणारा उत्तरार्ध. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट तयार झाले. त्यांतले आज पूर्ण वा तुटक स्वरूपात तीसही हाती नाहीत. ते जपण्याजोगे आहेत असे त्या काळी फारसे कोणाला वाटले नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जन्मभर डबे गोळा केले म्हणून जे उरले ते उरले. चित्रपटामागे निदान निर्माते होते, नट होते, प्रेक्षकवर्ग होता. जात्यावर बसून ओवी म्हणणाऱ्या बाईमागे यांपैकी कोणीही नव्हते.

या ओव्यांचे उदाहरण मुद्दाम घेण्यासारखे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या हजाराहून अधिक गावांतून. आणि बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण केले. मराठवाड्यापुरते पाहिले, तर बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली झालेल्या मुद्रणात दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. विजेची गिरणी गावात आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवी म्हणण्याचे निमित्तच संपले. तरीही हा संग्रह उभा राहिला तो कोणत्याही शासकीय योजनेमुळे नव्हे. या बायका जे गातात तो इतिहासाचा दस्तऐवज आहे, असे काही माणसांना वाटले आणि त्यांनी वर्षानुवर्षे हिंडून तो जमवला. नांदेड-लातूरकडे अशी नजर किती कमी वळली आहे! माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतील वाघ्या-मुरळी, गोंधळी, तांड्यांवरील बंजारा गीते, हुजूर साहिबचे कीर्तन, नांदेडचे उर्दू मुशायरे या साऱ्यांचा आवाज आज खासगी कपाटांत विखुरलेला आहे. पहिले सत्र निवडीचे, आणि त्यात बोलणारे केवळ संग्रहपाल नकोत. ज्यांच्याकडे फिती आहेत ती माणसे हवीत.

दुसरे सत्र हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे. त्यावर थोडे सविस्तर बोलणे भाग आहे.

या संग्रामाचे लिखित साधन थोडेथोडके नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत, अनंत भालेरावांचा बृहद्ग्रंथ आहे. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरीची बँक सैनिकांनी लुटली. या घटना शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु त्या काळचा आवाज कोठे आहे? निजाम सरकारचे नभोवाणी केंद्र हैदराबादेत होते, औरंगाबादेतही होते. १९५० साली दोन्ही आकाशवाणीकडे आली. त्या काळी बहुतेक प्रसारण थेट होई, ते मुद्रित करून ठेवण्याची रीत नव्हती, आणि पुढे फिती आल्या तेव्हा त्या महाग म्हणून पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा जगभर पडली. खुद्द बीबीसीनेही आपले कित्येक कार्यक्रम असेच पुसून टाकले. तेव्हा मुक्तिसंग्रामाचा आवाज म्हणजे पुढे साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत स्वातंत्र्यसैनिकांच्या ज्या मुलाखती झाल्या, सभांतून जी भाषणे टिपली गेली, त्या फिती. १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदी ओलांडून गेला आहे. नव्याने मुलाखती घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला; जे पूर्वी टिपले तेवढेच खरे.

आणि येथे एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. रझाकारांचे अत्याचार ज्यांनी सोसले त्यांच्या आठवणी सार्वजनिक झाल्या, आणि तसे होणे रास्तच होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर जे घडले त्याची स्मृती मात्र दबली गेली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे भारत सरकारच्या वतीने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात हिंडले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि संस्थानभरात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आकड्यांविषयी इतिहासकारांनी वाद घालावा, तो त्यांचा अधिकार आहे. पण ज्या घरांतून माणसे गेली, त्या घरांतील आजीने नातवाला जे सांगितले ते कोणी टिपले आहे काय, हा संग्रहाचा प्रश्न आहे. मुक्तिसंग्रामाचे सत्र घ्यायचे तर दोन्ही आवाजांसाठी जागा ठेवूनच घ्यावे. लोकशाही समाजवादाचे नाव घेणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही. स्वामीजींचा लढा एका राजवटीविरुद्ध होता, धर्माविरुद्ध नव्हता, हे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. दोन फिती शेजारी शेजारी ठेवून ते दाखवावे लागते तेव्हा कस लागतो.

नामांतराच्या लढ्याचे सत्र याच सूत्रातले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्या आगीत बळी गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. या सोळा वर्षांची वृत्तपत्रीय कात्रणे सापडतील. पण तो लढा मोठ्या प्रमाणावर गाण्यांतून, जलशांतून लढला गेला, आणि ती गाणी स्वस्त कॅसेटींवर गावोगाव फिरली. या कॅसेटींना ग्रंथालयांनी कधी पुस्तकाचा दर्जा दिला नाही. स्वस्त वस्तू जपली जात नाही. ती वापरून संपवली जाते. म्हणूनच श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील तबकड्या टिकल्या आणि वस्तीतील कॅसेटी गेल्या.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गाव झोपलेले असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सरकारी गणनेप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे दगावली. बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि त्याचे अहवाल जगभरच्या ग्रंथालयांत पोचले. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशाची पुनर्बांधणी कशी करावी, याचा आदर्श म्हणून त्यांचा हवाला दिला जातो. अहवालांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यांत एक कलम आहे, ज्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची नजर गेल्यावाचून राहत नाही. नव्या गावात घर केवढे मिळणार हे जुन्या गावातील जमिनीवरून ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. भूकंपाने वाडा आणि झोपडी यांत भेद केला नाही. उलट दगडमातीच्या जाड भिंतींच्या वाड्यांखाली माणसे अधिक दडपली गेली. भेद परत आणला तो नकाशाने.

हे कलम ठरत असताना गावसभांत काय बोलले गेले? भूमिहीनांनी काय विचारले, त्यांना काय उत्तर मिळाले, बायकांनी विहिरीच्या आणि शेजाराच्या गोष्टी काढल्या तेव्हा अभियंते काय म्हणाले? अहवालात हे येत नाही, कारण अहवालाला आवाज नसतो. तो काळ कॅसेटींचा व छोट्या चित्रफितींचा होता. वार्ताहर, स्वयंसेवी कार्यकर्ते, संशोधक, लग्नाची चित्रणे करणारे स्थानिक छायाचित्रकार असे अनेक जण यंत्रे घेऊन त्या गावांतून हिंडले. त्यांनी टिपलेले जेवढे सापडेल तेवढे एकत्र आणणे, त्यातील माणसे आणि जागा हयात गावकऱ्यांकडून ओळखून घेणे, हे काम या सत्रातूनच सुरू व्हावे. नाव, गाव, तारीख नसलेली फीत ही निम्मी हरवलेली फीत असते. आणि ओळखणारी माणसेही आता साठीच्या पुढे आहेत. ज्यांची प्रेते त्या चित्रणात दिसतात, त्यांच्या नातलगांची संमती कशी घ्यायची, काय दाखवायचे आणि काय बंद ठेवायचे, हेही तेथेच बोलले पाहिजे. परदेशी परिषदांत या प्रश्नावर विद्वत्तापूर्ण निबंध वाचले जातात. लातूरच्या परिषदेत किल्लारीकर स्वतःच उत्तर देतील.

फोनवरच्या चित्रणाविषयी थोडक्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराला रेल्वेने पाणी पाजण्याची ही नामुष्की असंख्य फोनांनी टिपली. ते फोन बदलले, फुटले, विकले गेले. आता सगळे आपोआप साठते हा समज खोटा आहे. साठवणारी कंपनी परकी असते, आणि जपण्याची जबाबदारी तिने कोणाला लिहून दिलेली नसते.

मालकीचा प्रश्नही परिषदेत यायला हवा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क मुद्रण करवून घेणाऱ्याकडे जातो आणि तो साठ वर्षे चालतो. गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्याआधी ज्या गोंधळ्याने, ज्या मुरळीने, ज्या शाहिराने दहा-वीस रुपयांवर आवाज दिला, त्याच्या वारसांना आज काय मिळावे? संग्रह उभारताना त्यांना विचारलेच नाही, तर जपणूक हा जुन्याच शोषणाचा नवा हप्ता ठरतो.

आता खर्चाचा आक्षेप. पाणी नाही, रस्ते नाहीत, शाळा गळताहेत, आणि तुम्ही फितींचे काय घेऊन बसलात, असे विचारणारे प्रामाणिक लोक आहेत. त्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावे. समजा, दोन्ही जिल्ह्यांतून एक हजार तासांच्या ध्वनिफिती जमल्या. फीत वाजते तेवढाच वेळ तिची नक्कल करायला लागतो. त्यात घाई चालत नाही. एक यंत्र दिवसाला सहा तास चालले, तर १६७ दिवस. साफसफाई, नोंदी, पडताळणी धरून एका वर्षाचे काम, दोन-तीन शिकलेल्या तरुणांचे. उत्तम प्रतीच्या मुद्रणाला तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते, म्हणजे हजार तास तळहाताएवढ्या एका तबकडीवर मावतात. तीन प्रती केल्या तरी तीन तबकड्या. साठवण स्वस्त आहे. महाग आहेत ती यंत्रे आणि माणसाचे श्रम. हे श्रम मराठवाड्यातल्याच तरुणांचे असावेत, आणि त्यांचे प्रशिक्षण हे परिषदेचे एक पूर्ण दिवसाचे सत्र असावे. चित्रफितींना जागा व खर्च कितीतरी अधिक लागेल, हे खरे. तरीही एखाद्या जिल्ह्यातील पुतळ्यांवर व स्वागतकमानींवर होणाऱ्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहण्याची ज्याला इच्छा असेल, त्याने अवश्य पाहावी.

प्रती तीन म्हणजे जागाही तीन. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळे त्यात गेली. सर्व काही एका नामांकित संस्थेच्या स्वाधीन करून निर्धास्त होण्यातला धोका महाराष्ट्राने तेव्हा पाहिला आहे. एक प्रत नांदेडला विद्यापीठात, दुसरी त्याच्या लातूर उपकेंद्रात, तिसरी राज्याबाहेर असावी. विद्यापीठात माध्यमशास्त्राचे संकुल आहे. तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय शोधत फिरावे लागणार नाही.

उरला तो परिषदेच्या व्यवस्थेचा भाग. आंतरराष्ट्रीय परिषदांचे प्रस्ताव इंग्रजीत मागवले जातात, नोंदणी शुल्क परकी चलनात असते. माळेगावच्या जत्रेत तीस वर्षे ध्वनिमुद्रण केलेला माणूस असा सारांश लिहू शकत नाही, म्हणून त्याचे ज्ञान कमी ठरत नाही. नांदेड-लातूरच्या परिषदेने प्रस्ताव मराठीत, उर्दूत आणि तेलुगूत घ्यावेत. बंजारा बोलीत तोंडी सांगितलेला प्रस्ताव विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावा. शुल्क फिती आणणाऱ्याला माफ असावे. तीन दिवस नांदेडला, दोन दिवस लातूरला, आणि त्यांतील एक संध्याकाळ किल्लारीला, बंद सभागृहात न घेता गावच्या मैदानात पडदा लावून. दिल्लीहून येणाऱ्या तज्ज्ञाला जो प्रवासभत्ता आणि जे मानधन मिळेल, तेच तांड्यावरून येणाऱ्या गायिकेला मिळावे, आणि ते तिच्या हाती परिषद संपण्यापूर्वी पडावे; नंतर धनादेश पाठवू, या आश्वासनावर तिला परत पाठवू नये.